बरोबरीचा शुक्रवार

मंगळवारी रात्री निवडणुकीत बरोबरी झाल्याचं कळलं आणि बुधवारी सकाळपासून कर्ट ब्रांडेमूल बापाशी बोलेनासा झाला. शुक्रवारी मासे तळायला सगळं घर सेंट कॉर्नेलियस चर्चच्या तळघरात जमलं, तेव्हा निरोप पोचवायचं काम त्याच्या बायकोच्या, रेनेच्या गळ्यात पडलं.

"पांना सांग, तेल जास्त तापलंय," कर्ट म्हणाला. तो सूट घालून कढईपासून चार हात लांब उभा होता.

"पा, तेल जास्त तापलंय म्हणतो तो."

लॉइड ब्रांडेमूलने झारा हलवला. वय एक्क्याऐंशी, पण लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून मासे तळतात, आणि तेव्हा झारा दुसऱ्याच्या हातात दिसलेला त्याला खपत नसे. "त्याला सांग, तू दुपट्यात होतास तेव्हापासून मी हे तेल तापवतोय."

"कर्ट, तू दुपट्यात—"

"ऐकू आलं मला."

"मग उत्तर दे ना थेट! मी काय टेलिफोनची तार आहे?" रेने वैतागली. तिला मनातून मात्र हे सगळं थोडं आवडत होतं. एकोणतीस वर्षं या घरात तिला कोणी काही विचारलं नव्हतं. आता दोन्ही पक्ष तिच्यामार्फत बोलत होते.

पक्ष म्हणायचं ते घरातले. काउंटी बोर्डाच्या, म्हणजे आमच्या जिल्हा मंडळाच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापायचं नाही असा आमच्याकडे कायदा आहे, आणि कोण कुठल्या पक्षाचा हे माहीत नसलेला माणूस हॉलेनबाख गावात अजून जन्माला यायचाय. ही जागा लॉइडच्या बापाने, अलॉइसने मिळवली, मग ती लॉइडकडे आली, लॉइडकडून कर्टकडे आली. मधल्या काळात समोर कोणी उभंच राहत नसे. या वेळी डेना व्हिटलॉक उभी राहिली आणि दोघांना अगदी सारखी मतं पडली. त्याखेरीज एक मत हाताने लिहिलेल्या तिसऱ्याच नावाला गेलं. मतपत्रिकेवर नाव नसलेल्या माणसाचं नाव लिहायची आमच्याकडे मुभा आहे. ते नाव होतं अलॉइस ब्रांडेमूल, आणि ते गृहस्थ याच चर्चच्या मागच्या दफनभूमीत बरीच वर्षं मुक्कामाला आहेत.

आता हे मत कोणाचं, हे ओळखायला कोणाला चष्मा लागत नव्हता. पण लॉइडला विचारलं की तो म्हणे, "मतदान गुप्त असतं. देशाचा कायदा आहे." आणि झारा हलवी.

भांडणाचं मूळ हत्तीत होतं. अलॉइसने प्लायवूडचा घोड्याएवढा हत्ती कापून रंगवला होता, रिपब्लिकन पक्षाची खूण म्हणून. दर निवडणुकीला तो गोठ्याच्या कोपऱ्यावर, हमरस्त्याकडे सोंड करून उभा राहायचा. गोठा गेला, गाई गेल्या, तरी हत्ती उभा राहतच होता. या वेळी कर्टने तो शेडमधून बाहेर काढू दिला नाही.

"नोव्हेंबरचा निकाल पाहिलास ना तू?" त्याने रेनेला तेव्हा विचारलं होतं. "आता हत्ती दाखवला की लोक पडदे ओढून घेतात."

नोव्हेंबरमध्ये काय झालं होतं ते आमच्या गावात अजूनही हळू आवाजात बोलतात. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत हॉलेनबाख पहिल्यांदाच डेमोक्रॅटांकडे गेलं. फरक निसटता होता, पण गेलं. पूर्वी इथे दहातले आठ जण हत्तीवाले असत. मग सात झाले, मग सहा. पक्षाची मंडळी दर वेळी म्हणायची, या खेपेला पाऊस होता, या खेपेला उमेदवार पडेल होता, या खेपेला मिलवॉकीच्या वर्तमानपत्रांनी घोळ घातला. नोव्हेंबरला ऊन होतं, उमेदवार देखणा होता आणि वर्तमानपत्र तर बंदच पडलं होतं. लॉइडने टीव्हीचा आवाज वाढवला होता, आकडा आपल्याला नीट ऐकू आला नसेल म्हणून.

आणि हे मतदार आकाशातून पडले नव्हते. लॉइडने स्वतः त्यांना बोलावलं होतं. दुधात काही राहिलं नाही म्हणून त्याने बापाची जमीन तुकड्यातुकड्याने विकली, वर ब्रांडेमूल मेडोज नावाची वसाहत उठवली, आणि तिथे हलकीसलकी माणसं येऊ नयेत म्हणून अटी घातल्या: प्लॉट एवढ्याहून लहान नको, गॅरेजमध्ये तीन गाड्या मावल्या पाहिजेत, रस्त्यावरून दिसेल अशी कुठल्याही प्राण्याची आकृती अंगणात नको. ही शेवटची अट सिमेंटच्या बदकांसाठी होती. आमच्याकडे लोक अंगणात सिमेंटचं बदक ठेवतात आणि सणासुदीला त्याला कपडे घालतात. लॉइडला ते बघवत नसे.

अटींप्रमाणे डॉक्टर आले, इंजिनिअर आले, बँकवाले आले. हिरवळ कापणारे, कर भरणारे, रविवारी इस्त्रीचे कपडे घालणारे. अगदी आपल्यासारखेच, असं लॉइड म्हणायचा. पुढे त्यांची मुलं कॉलेजात गेली, बायका सभांना गेल्या, आणि अंगणात ‘इथे दयाळूपणा राहतो’ अशा पाट्या लागल्या. वसाहतीच्या कडेला चार मजली भाड्याची घरं बांधायचं निघालं तेव्हा मात्र दयाळूपणाच्या पाटीवाले आणि हत्तीवाले गावच्या सभेत एकाच बाकावर बसून विरोध करत होते. त्या रात्री लॉइडला वाटलं होतं, अजून काही बिघडलेलं नाही.

रेने वसाहतीच्या सोसायटीची अध्यक्ष. फेब्रुवारीत लॉइड हत्तीला नवा रंग द्यायला निघाला, तेव्हा तिने त्याला त्याचीच अट ऐकवली.

"पा, प्राण्याची आकृती आहे ही."

"हा प्राणी नाही. हा पक्ष आहे!"

"त्याला सोंड आहे, पा."

आणि हत्ती शेडमध्ये राहिला. त्याऐवजी कर्टने सल्लागाराकडून पाट्या करून घेतल्या. लाल नको, कारण तो आपल्या पक्षाचा. निळा नको, कारण तो त्यांचा. सल्लागार म्हणाला, हिरवा घ्या, हिरव्याला कोणी नाही म्हणत नाही. तेव्हा हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘कर्ट. तुमचा शेजारी.’ आणि खाली फोन नंबर. आठवड्याभरात फोन यायला लागले. लोक विचारत होते, डँडेलायनचं तण मारायला फवारणीचे किती घेता, आणि कुत्र्याला चालतं का? वसाहतीत हिरवळीची निगा राखणाऱ्या कंपन्यांच्या पाट्या अशाच असतात. कर्ट इतका भिडस्त, की दोन जणांना तर त्याने भावही सांगितला.

मार्लिस उशिरा आली, ती थेट स्वयंपाकघरातून. तिथे ती बटाट्याची धिरडी घालत होती. ती कर्टची थोरली बहीण, दवाखान्यात नर्स, आणि घरातली उघड डेमोक्रॅट. हे घराने आता पचवलं होतं, जसं एखाद्याचं शाकाहारी होणं पचवतात. पण तिच्या अंगणात डेना व्हिटलॉकची पाटी होती, ते कर्टला पचलं नव्हतं.

"आलीस?" कर्ट म्हणाला. "मैत्रिणीच्या विजयाला?"

"धिरडी घालायला आलेय. मैत्रीण तिकडे रांगेत उभी आहे. तूही जाऊन हात मिळव. सूट कशाला घातलायस मग?"

"एका मताने, मार्लिस! एका मताने मी आज इथे नशिबाच्या फैसल्याची वाट बघत उभा आहे. म्हाताऱ्याने मेलेल्या माणसाला मत दिलं, ठीक आहे, त्याचं वय झालं. पण तू? सख्खी बहीण?"

मार्लिसने एप्रनला हात पुसले. रागाने तिचे कान लाल झाले. ती हे सांगणार नव्हती. डेनाला तिने शब्द दिला होता, पाटी लावली होती, तिच्यासाठी दोन दारंही वाजवली होती. पण मंगळवारी पडद्याआड गेल्यावर त्या मतपत्रिकेवर तिला भावाचं नाव दिसलं. लहानपणी तो रोज संध्याकाळी गाईंना नावं घेऊन शुभरात्री म्हणायचा.

"मी तुला दिलं, गाढवा," ती म्हणाली.

"काय?"

"मत. तुला दिलं. आणि पुन्हा विचारू नकोस, मला स्वतःचीच लाज वाटतेय."

गेली दहा वर्षं कर्टने या बहिणीला शत्रुपक्षात धरलं होतं. बापाचं मत मात्र तो डोळे झाकून आपल्यात मोजायचा. ते निसटलं आणि हे आलं. त्याला रडू येतंय की हसू हे त्याचं त्यालाच कळेना.

"मग पाटी?"

"पाटी माझ्या मताची. मत माझ्या भावाला."

"याला काही अर्थ आहे का?"

"हिरव्या पाटीला होता?"

तो पहिल्यांदाच हसला. रेनेने लांबून हे पाहिलं. भाऊ-बहीण एक झाले की मधल्या माणसाचं काम संपतं. ती तातडीने सासऱ्याकडे गेली आणि म्हणाली, "पा, तुम्हाला खुर्ची देऊ का?"

लॉइडला खुर्ची नको होती. त्याला श्रोते हवे होते, आणि ते मिळाले होते. कढईपुढे माशाची ताटली घेऊन रांग उभी होती आणि तो प्रत्येकाला बापाची गोष्ट सांगत होता.

"एकसष्ट साली अशीच बरोबरी झाली होती. माझा बाप आणि हुबर्ट लॅमर्स. पत्ते काढायचे ठरलं. मोठा पत्ता जिंकेल. हुबर्टने काढली राणी. सगळे गप्प! माझ्या बापाने टोपी मागे सारली, हात घातला, आणि काढला बदामचा राजा. तिथून ही जागा आमची. हुबर्ट असा रडका, की हरल्यावर पत्ता खिशात घालून चालता झाला. नवा कॅट आणावा लागला आम्हाला!"

रांगेतले लोक हसले. बाजूच्या टेबलावर लॉइडची बायको आर्लीन कोबी चिरत होती. तिची सुरी जरा जोरात पडली. आर्लीन ही हुबर्ट लॅमर्सचीच मुलगी. त्या पत्त्यांनंतर सहा वर्षांनी तिने लॉइडशी लग्न केलं, आणि तेव्हापासून लेंटच्या प्रत्येक शुक्रवारी ही गोष्ट ऐकत ती कोबी चिरत आली होती. गोष्टीत आपल्या बापाला रडका म्हटलंय याकडे लॉइडचं कधी लक्षच गेलं नाही.

त्याचं लक्ष आज मंगळवारच्या मतदानात अडकलं होतं. पडद्याआड उभा असताना त्याने मतपत्रिका दोनदा वाचली होती. कर्टचं नाव होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे ती हिरवी पाटी येत होती. तुमचा शेजारी! शेजारी कसला? तू ब्रांडेमूल आहेस. तुझ्या आजोबाने हत्ती कापला आणि तू तो शेडमध्ये गवत कापायच्या यंत्रामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलास. धडा म्हणून, फक्त धडा म्हणून, त्याने पेन उचललं. पोराला धडा मिळेल आणि पोरगा आरामात निवडूनही येईल, कारण ब्रांडेमूल हॉलेनबाखमध्ये पडत नाहीत. एका मताने काय होतंय, असं त्याला खरंच वाटलं होतं.

आता त्याला ते मत परत हवं होतं. दुसरं काही नको. ही जागा पोराकडे राहिली की झालं, मग हत्ती जळणात घातला तरी चालेल, असं तो तीन दिवस मनात म्हणत होता. पण हे पोराला तोंडाने सांगायचं म्हणजे मत कोणाचं ते कबूल करायचं.

तेवढ्यात गावाच्या निवडणुकांचा कारभार बघणाऱ्या टाउन क्लार्क श्रीमती कॅडवेल आल्या. टाउन हॉलचं छप्पर उघडं पडलं होतं म्हणून फैसला इथे, माशांच्या वासात होणार होता. त्या शेजारच्या इलिनॉय राज्यातून आलेल्या, व्यवस्थित बाई. त्यांनी काचेचं भांडं आणि दोन चिठ्ठ्या आणल्या होत्या.

"चिठ्ठ्या?" लॉइडने झारा ठेवला. "या गावात बरोबरी पत्त्यांनी सुटते, बाई."

"कायदा फक्त म्हणतो, नशिबाने ठरवा. दोन्ही उमेदवार तयार असतील तर माझी हरकत नाही."

डेना व्हिटलॉक पुढे आली. शाळेत मुलांचे उच्चार सुधारायचं काम करणारी, हसरी, उंच बाई. जिथे लॉइडच्या गाई बांधल्या जात तिथे आता तिचं जेवणघर होतं. उन्हाळ्यात ती लॉइडला रुबार्बचा केक आणून द्यायची, आणि मे महिन्यात मधमाश्यांसाठी हिरवळ कापायची नाही. एकासाठी तो तिला माफ करायचा, दुसऱ्यासाठी नाही.

"मला चालेल," ती म्हणाली. "पत्ते कोणाचे?"

"माझे," लॉइड म्हणाला आणि खिशातून आपला जुना कॅट काढला. तळणं आटोपलं की घरातले पाचही जण दर शुक्रवारी याच पत्त्यांनी शीप्सहेड खेळत. आमच्या पणजोबांनी जर्मनीहून आणलेला हा खेळ. त्यात खेळणाऱ्याचा जोडीदार कोण, हे बराच वेळ बाकीच्यांना कळत नाही, म्हणून आमच्या घरांना तो फार मानवतो. आणि त्यात राण्यांचं राज्य असतं. चारही राण्या सगळ्यांच्या वर, त्यातही किलवरची राणी सर्वांत वर. तिच्यापुढे एक्का पाणी भरतो, आणि राजा बिचारा दश्शीच्याही खाली. आमच्याकडे मूल हे चालायच्या आधी शिकतं.

"मोठा पत्ता जिंकेल," श्रीमती कॅडवेल म्हणाल्या. "मंजूर?"

"मंजूर," कर्ट म्हणाला.

"मंजूर," डेना म्हणाली.

मोठा म्हणजे कुठला, हे कोणीच विचारलं नाही. एकालाही वाटलं नाही की यात विचारण्यासारखं काही आहे.

हॉल गच्च भरला होता. पुढच्या टेबलांवर ब्रँडीचे ग्लास घेतलेली जुनी मंडळी, मागे वसाहतीतली नवी कुटुंबं. श्रीमती कॅडवेलनी पत्ते पिसले आणि कागदी टेबलक्लॉथवर उपडे पसरले. कर्टने कपाळावरचा घाम पुसला. मार्लिस त्याच्या मागे उभी राहिली. रेने तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, कारण आता बाजू घ्यायची तर हीच होती.

कर्टने पत्ता उलटा केला. किलवरची राणी.

पुढच्या टेबलांवर एकदम आरोळी उठली. लॉइडने एप्रन काढून हवेत उडवला. "आली! आमची म्हातारी आली!" मार्लिसने भावाच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा टाय खांद्यावर गेला. या पत्त्याच्या वर पत्ताच नव्हता. डेनाने काढायचीही गरज नव्हती. कर्ट तर तिच्याशी हात मिळवायला पुढेही झाला.

मागची मंडळी बुचकळ्यात पडली होती. राणी आली तर एवढं काय?

डेनाने आपला पत्ता उलटा केला. इस्पिकचा राजा.

आता मागून टाळ्या पडल्या.

"राजा," श्रीमती कॅडवेल म्हणाल्या. "राजा मोठा. तेव्हा मिसेस व्हिटलॉक—"

"थांबा!" लॉइड गरजला. "राणी मोठी!"

"राणी राजापेक्षा? कुठे?"

"इथे! या काउंटीत! दीडशे वर्षं!"

"मिस्टर ब्रांडेमूल, जगात सगळीकडे राजा मोठा असतो."

"जगात असेल. हे हॉलेनबाख आहे."

गलका झाला. श्रीमती कॅडवेलनी चमच्याने भांडं वाजवलं. "हा खेळ किती जणांना येतो?"

पुढच्या टेबलांवर हात वर झाले. थरथरते, ठिपक्याठिपक्यांचे, बहुतेकांत ग्लास.

"आणि किती जणांना येत नाही?"

सगळा मागचा हॉल हातांनी भरून गेला. नोव्हेंबरचा तो आकडा टीव्हीवर लॉइडला खरा वाटला नव्हता. आज तो समोर हात वर करून उभा होता. स्वच्छ, इस्त्री केलेल्या बाह्यांत, आणि त्यातल्या निम्म्यांना त्यानेच प्लॉट विकले होते.

"मत घ्यायचं नाही," डेना म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "हे बरं नाही. मला असं नकोय."

"मतं घेऊनच आपण इथवर आलोय," श्रीमती कॅडवेल म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मिस्टर ब्रांडेमूल, पत्ते तुमचे, पद्धत तुमची. या गावात पूर्वी एकदा असं झालंय म्हणता. तेव्हा जे धरलं तेच आज धरू. काय धरलं होतं तेव्हा?"

लॉइडने टेबलावरच्या दोन उलट्या केलेल्या पत्त्यांकडे पाहिलं.

तासन् तास त्याने सगळ्या रांगेला सांगितलं होतं. पुढच्या टेबलांना सांगितलं होतं, मागच्या टेबलांना सांगितलं होतं. हुबर्टने काढली राणी. माझ्या बापाने काढला राजा. तिथून ही जागा आमची.

हॉलमध्ये हळूहळू एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. एका म्हाताऱ्याने ग्लास खाली ठेवला.

"सांग ना, लॉइड," आर्लीन म्हणाली. तिने सुरी बाजूला ठेवली होती. "साठ वर्षं सांगतोयस. आज का अडलं?"

"आर्लीन, तेव्हा... तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"पत्ते वेगळे होते? की क्लार्क तुझ्या बापाचा मेव्हणा होता, ते वेगळं होतं?"

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी थांबला नाहीस." तिचा आवाज चढलेला नव्हता, पण मागच्या टेबलांपर्यंत पोचत होता. "माझे बाबा शीप्सहेड खेळणारे. त्यांच्या हातात राणी आली तेव्हा त्यांना वाटलं, जिंकलो. आपल्या कर्टला आत्ता वाटलं तसंच. घरी आले, पत्ता ताटाशेजारी ठेवला आणि आईला म्हणाले, मी जिंकलो होतो गं. जेवले नाहीत. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. आणि तू त्यांना रडका म्हणतोस."

लॉइडला आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या बापाचा चेहरा आठवला. लग्नात त्या माणसाने हात मिळवला होता, घट्ट, आणि दुसरीकडे बघितलं होतं.

"पा," कर्ट म्हणाला. तीन दिवसांतला हा पहिला थेट शब्द. "पा, राणी म्हणा. खरंच तीच मोठी आहे. तुम्हीच शिकवलंत मला."

बरोबर होतं. राणी म्हटलं की पोरगा निवडून आला. लॉइडला हेच तर हवं होतं, तीन दिवस तो एवढंच मागत होता. पण राणी म्हटलं की बाप हरला. मग अलॉइस ब्रांडेमूलने लबाडीने घेतलेल्या खुर्चीवर आपण बसलो, पोराला बसवलं, आणि रस्त्याकडे सोंड करून तो हत्ती साठ वर्षं उभा केला. एकीकडे मागे दफनभूमीत बाप, एकीकडे समोर टाय खांद्यावर गेलेला पोरगा. मध्ये आर्लीन, हाताला कोबी लागलेली.

"पा," मार्लिसही म्हणाली. "बोला हो."

लॉइडने टेबलाची कड धरली.

"राजा," तो म्हणाला. "तेव्हा राजा धरला होता. राजाच मोठा."

मागे पुन्हा टाळ्या सुरू झाल्या, पण कोणीतरी दटावल्यावर थांबल्या. कर्टने टाय सरळ केला. त्याने डेनाशी हात मिळवला, तो या वेळी शेवटपर्यंत. मग तो बापाकडे वळला.

"एका आठवड्यात दुसऱ्यांदा, पा," तो म्हणाला. रागही नव्हता त्यात. "दोन्ही वेळा आजोबांनाच."

मार्लिसने त्याच्या हातात हात घातला आणि त्याला जिन्याकडे नेलं. रेने दोन पावलं त्यांच्यामागे गेली, थांबली, सासऱ्याकडे बघितलं. सांगायला निरोप उरला नव्हता. ती नवऱ्यामागे गेली.

मासे करपायला लागले होते. रांग पुन्हा लागली, कारण फैसला कसाही होवो, लेंटच्या शुक्रवारी लोकांना भूक लागतेच. डेना व्हिटलॉक ताटली घेऊन लॉइडपुढे आली आणि काय बोलावं हे त्या उच्चार शिकवणाऱ्या बाईला सुचेना. लॉइडने तिला एक तुकडा जास्त वाढला.

पत्ते अजून टेबलावर पसरलेले होते. आर्लीनने एप्रनला हात नीट पुसले, टेबलापाशी गेली आणि किलवरची राणी उचलली. मग तिने पत्ता एप्रनच्या खिशात घातला आणि उरलेला कोबी चिरायला परत गेली.

गर्दी कमी झाल्यावर लॉइडने पत्ते गोळा केले आणि मोजले. पुन्हा मोजले. मग त्याने बायकोच्या एप्रनकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. त्याने कॅट खिशात टाकला, झारा उचलला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला विचारलं, "दोन तुकडे की तीन?"